मातुलपृष्ठाचा जीर्णोद्धार

प्रिय रुपाली,

आशीर्वाद तर आहेतच. त्यांच्यासोबत एक विनंती अशी की हे पत्र एकटीने वाच. हाच मजकूर मी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू शकलो असतो. पण त्या गटावर काही लिहिणे म्हणजे गावच्या शनवारा दरवाज्याखाली उभे राहून दवंडी पिटणे होय, आणि प्रस्तुत विषय दवंडीचा नाही. शिवाय संस्कृतच्या शिक्षकाला अंगठ्याने टंकलेखन करणे शोभत नाही, असे माझे ठाम मत आहे. मला ते जमत नाही, ही बाब सर्वस्वी वेगळी.

तुझा निर्णय त्याच गटावर वाचला. येत्या माघात होणाऱ्या तुझ्या लग्नात मामाने नवरीला उचलून मंडपात आणण्याचा आपल्याकडचा विधी करायचा नाही, मामाच्या पाठीची अवस्था पाहता मी आपल्या पायांनी चालत येईन, असे तू मोठ्या समंजसपणे जाहीर केलेस. त्याखाली यच्चयावत नातलगांनी जोडलेल्या हातांची चित्रे डकवली. तुझ्या निंबाकाकांनी अंगठ्यांची अखंड रांग लावली. वैजयंतीताईने मला स्वतंत्र फोन करून, 'वामन, माझी पोर बघ किती विचारी निघाली,' असे सांगितले. तुझा समंजसपणा आणि माझी पाठ या दोन विषयांवर अवघ्या घराण्याचे एकमत झालेले पाहून मी गप्प बसलो. माझे गप्प बसणे ही आपल्या कुळातील अपूर्व घटना असल्याने तुझ्या सुलभामामीने ताप आहे की काय म्हणून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

परंतु ज्या पाठीचा दाखला देऊन तू हा निर्णय घेतलास, तिची सद्यःस्थिती तुला ठाऊक नाही. तू खंडव्याला बँकेत, मी बुऱ्हाणपुरात. आणि मी ही गोष्ट जाणूनबुजून झाकून ठेवलेली. अपूर्ण बांधकामाची जाहिरात करू नये, हा विवेक मला उशिरा का होईना सुचला आहे. आता बांधकाम पूर्ण झाले आहे. तेव्हा मातुलपृष्ठाच्या जीर्णोद्धाराचा साद्यंत वृत्तान्त ऐक.

आरंभ पतनापासून करणे क्रमप्राप्त आहे. तुझी थोरली बहीण निशा हिच्या लग्नात इच्छापुरच्या तुमच्या अंगणात जे घडले, त्याची तू प्रत्यक्ष साक्षीदार आहेस. चौरंगावर बसलेल्या नवरीला मामाने दोन्ही हातांवर घ्यायचे आणि अंतरपाटापर्यंत न्यायचे, एवढाच विधी. निशा म्हणजे शेवग्याची शेंग. मी गुडघे ताठ ठेवले, कमरेत धनुष्यासारखा वाकलो, होता नव्हता तो श्वास सोडून दिला आणि फोटोग्राफरकडे पाहून हसत हसत तिला हिसका देऊन उचलले. एका कृतीत इतके प्रमाद एकत्र आणायलाही प्रतिभा लागते. पाठीत काहीतरी असे सटकले की बँडवाल्याचा हात क्षणभर थांबला. निशाला मी पाडले नाही, पुन्हा चौरंगावर टेकवली, एवढे श्रेय इतिहासाने मला द्यावे. मात्र त्यानंतर दशावतारांचा क्रम मोडून वामनाचा तिथल्या तिथे कूर्म झाला.

मला उचलून कोठीच्या खोलीत सरकीच्या पोत्यांशेजारी निजवण्यात आले. तिथून मंडपातले सर्व काही ऐकू येत होते. निंबाकाकांचा आवाज तर नदीपलीकडेही गेला असेल. 'निशाला उचलताना ही गत झाली, मग रुपालीच्या वेळेस जेसीबीच सांगून ठेवा,' असे ते म्हणाले आणि मंडप हसला. तूही हसलीस, सगळ्यांत मोठ्याने. थोड्या वेळाने तू माझ्यासाठी पाणी घेऊन कोठीत आलीस, आणि जेवणाच्या पंगती उठेपर्यंत तिथेच बसून राहिलीस. मामाजवळ कोणीतरी हवे, असे तू सर्वांना सांगितलेस.

पुढे एका वैद्यराजांनी एमआरआयचे चित्र पाहून निर्णय दिला की मणक्यांमधली गादी सरकली आहे, यापुढे पाण्याची बादलीही उचलायची नाही. हा निर्णय मी इतक्या निष्ठेने पाळला की सुलभाला वैद्यकशास्त्राचाच संशय येऊ लागला. बादली, पिशवी, गॅसची टाकी, सगळे तिने उचलायचे आणि मी पट्टा बांधून, शब्दशः कटिबद्ध होऊन, तिला उत्तेजन द्यायचे. चपलेची वादी सरळ करायलाही मला खुर्ची लागे. वर्गात खडू खाली पडला तर मी तो तसाच ठेवून नवा घेई. शाळा सुटताना माझ्या फळ्याखाली खडूंचे हिमालय दिसत. पाठ दुखत होती त्याहून अधिक मी भीत होतो, आणि भीती ही अशी वस्तू आहे की तिला पट्टा बांधता येत नाही.

सुलभानेच अखेर मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नवे चित्र काढले, मला झोपवले, पाय वर करवले, बोटे हलवायला लावली, आणि म्हणाले की सरकलेले बरेचसे निवळले आहे. आता दुखणे आहे ते दुबळेपणाचे. पाठ काचेची नसते. तिला थोडे थोडे काम द्या, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली द्या. सुलभा तत्काळ म्हणाली की काम द्या हे तर मी लग्न झाल्यापासून सांगते आहे.

जाणते माणूस म्हणून त्यांनी लीलाचे नाव सुचवले. लालबागेकडे पॉवरलूमची एक बंद शेड आहे; तिथे ही बाई व्यायामशाळा चालवते. नेपानगरच्या कागद गिरणीतल्या कामगाराची ही मुलगी. राज्यस्तरावर वजने उचलून आलेली. देह विशाल, आवाज विशालतर. दाराशेजारी एक फळा आहे, त्यावर प्रत्येकाने आपले वजन आणि त्याने उचललेले वजन असे दोन आकडे लिहायचे. सर्वांत वर तिचे स्वतःचे. पहिल्या दिवशी तिने आपले वजन मला असे सांगितले, जसे एखाद्या पंडिताने आपली पदवी सांगावी. मी आजवर कोणा स्त्रीच्या तोंडून तो आकडा ऐकलेला नव्हता. कोणा पुरुषानेही इतक्या खणखणीत आवाजात सांगितलेला स्मरत नाही. मी संकोचाने माझा सांगितला. 'बस इतकंच?' एवढे म्हणून तिने तो सर्वांत खाली लिहिला.

तिने मला लोखंडाला हातच लावू दिला नाही. प्रथम झाडूची दांडी. ती पाठीवर उभी धरायची, अशी की डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी तिचा स्पर्श सुटता कामा नये; मग गुडघे किंचित सैल सोडून नितंब मागे लोटत झुकायचे. 'मास्तर, दोन्ही हातात थैल्या असल्या की कपाटाचं दार कशानं बंद करता? बस, तेच मागे न्या,' हा तिचा उपदेश. म्हणजे वाकायचे ते कमरेत नव्हे, खुब्यात. संस्कृत व्याकरणाची सूत्रे पाठ करण्यात उभी हयात घालवली, पण आपला देह कोणत्या सांध्यात दुमडतो हे मला पन्नाशी उलटल्यावर झाडूने शिकवले.

जमिनीवरचे निश्चल वजन दोन्ही हातांनी उचलून ताठ उभे राहणे, या क्रियेला इंग्रजीत डेडलिफ्ट म्हणतात. मी तिचे 'मृतभारोद्धरण' असे नामकरण केले. 'नाव तर एकदम भारी ठेवलं मास्तर, आता बार पण जरा भारी करू की,' असे लीला म्हणाली. या उद्धरणाचे इतके पोटभेद आहेत की एखाद्या दर्शनाचे संप्रदाय वाटावेत. माझ्यासारख्या भयग्रस्तासाठी पहिला संप्रदाय 'अर्धोद्धरण'. यात लोखंडी चकत्या चढवलेला दांडा जमिनीवर नसतो, गुडघ्याच्या उंचीवर टेकूंवर ठेवलेला असतो. वाकणे थोडे आणि पाठीच्या वरच्या भागाला काम मोठे. ज्या दिवशी तो दांडा माझ्या हातात पहिल्यांदा टेकूंवरून सुटला आणि पाठीत काहीही सटकले नाही, त्या दिवशी मी पट्टा पिशवीत घालून घरी आलो, आणि येताना वाटेत खाली पडलेली एक पेरूची फोड उगाचच वाकून उचलली.

दुसरा संप्रदाय रोमानियन. उभ्यानेच आरंभ करायचा आणि दांडा मांड्यांवरून घासत हळूहळू नडगीपर्यंत उतरवायचा. नितंब मागे, पाठ सरळ. मांडीच्या मागच्या बाजूला काही स्नायू असतात, हे मला दुसऱ्या दिवशी जिना उतरताना समजले. या प्रकारात लीला उचलण्यापेक्षा उतरवण्यावर अधिक डोळा ठेवी. मी दांडा घाईने खाली सोडला की ती ओरडे. तिचा सिद्धान्त असा की उचलताना ताकद दिसते, पण पाठ बनते ती उतरवताना. तिसरा षट्कोणी चौकटीचा: लोखंडी चौकटीच्या मधोमध उभे राहायचे आणि दोन्ही बाजूंच्या मुठी धरून ती उचलायची. भार अंगापुढे न राहता दोन्ही कुशींना राहतो म्हणून कमरेला सुसह्य. दिसायला मात्र यज्ञकुंडात उतरलेल्या यजमानासारखे. त्यानंतर कुठे जमिनीवरून सरळ दांडा उचलण्याचा मूळ संप्रदाय, आणि मग पाय फाकवून, हात त्यांच्या मध्ये घेऊन करायचा मल्लांचा. वामनाला पाय फाकवून उभे राहण्याची पौराणिक सवय असल्यामुळे हा शेवटचा मला सर्वांत साधला.

सारे सरळ घडले असे समजू नकोस. मध्यंतरी आमच्या शाळेतील गणिताचे सहकारी माझा पराक्रम पाहायला आले. देहातील सर्व स्नायूंमध्ये अहंकार नावाचा स्नायू सर्वांत आधी फुगतो. लीलाची पाठ वळताच मी दांड्यावर सांगितल्यापेक्षा अधिक चकत्या चढवल्या आणि निशाच्या लग्नातला तोच हिसका दिला. पाठीने मला तिथेच थांबवले. जुने दुखणे परतले नव्हते, नुसती उसण होती. पण मी रिक्षात आडवा पडून घरी गेलो आणि कितीतरी दिवस व्यायामशाळेचे नाव काढले नाही.  सुलभा बादली पुन्हा स्वतः उचलू लागली, इतकेच. ते पाहवले नाही म्हणून परत गेलो. लीला रागावली नाही. तिने कोपऱ्यातून झाडू आणला आणि माझ्या हातात दिला. पुन्हा माकडहाड, पुन्हा पाठ, पुन्हा डोके.

आता आकारमानाविषयी. केवळ बळ वाढवून लीलाचे समाधान होत नाही. तिला पाठ भरलेली लागते. त्यासाठी हलके वजन आणि अधिक आवर्तने, वर आहार. हरभरे, शेंगदाणे, पनीर यांना आमच्या घरात प्रवेश होताच. अंड्यांना मात्र स्वयंपाकघराबाहेर, गॅलरीतल्या एका स्वतंत्र शेगडीवर राजाश्रय मिळाला. परिणाम असा की निशाच्या लग्नात शिवलेला बंद गळ्याचा कोट गेल्या महिन्यात घालून पाहिला तर तो पाठीत चढेना. देवराम शिंप्याकडे नेला. त्याने फीत धरली, पुन्हा धरली, दुकानातल्या दोघांना बोलावून माझी पाठ दाखवली आणि अभिमानाने म्हणाला की मास्तर, आता कोट शिवणीत खोलावा लागेल. घरी येऊन हा गौरव मी सुलभाला सांगितला. 'इतकी वर्षं कामाकडे पाठ फिरवून बसलात, म्हणूनच ती एवढी वाढली असणार,' हा तिचा अभिप्राय. असो. मला त्या दुकानात वेगळेच काही दिसले. त्याच दिवशी, त्याच फितीने, एका नवरीच्या पोलक्याचे माप चालले होते. तिच्या पाठीचा आकडा वाढलेला निघाला तेव्हा देवरामने जीभ चावली आणि तिच्या आईने सुस्कारा टाकला. एकच फीत, एकच दुकान. माझा वाढलेला इंच पराक्रम ठरला आणि तिचा अपराध. शास्त्रात या भेदाला आधार शोधला. सापडला नाही.

गेल्या काही महिन्यांत लीलाने मला दांड्यावरून पोत्यावर आणले. माणूस काही दांड्यासारखा धरता येत नाही, असे ती म्हणाली. चौरंगाएवढ्या लाकडी ठोकळ्यावर सरकीच्या ढेपेने भरलेले पोते ठेवायचे, पाय मल्लांसारखे फाकवायचे, एक हात खालून, एक पाठीमागून, पोते छातीशी घट्ट कवळायचे, पोटात श्वास भरायचा आणि जमीन पायांनी खाली ढकलल्यासारखे उभे राहायचे. मग चालायचे. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या पोत्यांना मी इतक्या प्रेमाने मिरवले आहे की त्यांची लग्ने लागायचीच काय ती राहिली. पोत्यात ढेप वाढत गेली. कितीपर्यंत, ते सांगणार नाही.

आणि परवाच्या रविवारी परीक्षा झाली. सुलभाला मुद्दाम बोलावले होते. मी पोत्याकडे वळलो तर लीलाने ते पायाने बाजूला सारले, स्वतः त्या ठोकळ्यावर बसली आणि म्हणाली, 'आज मला उचला, मास्तर.' परस्त्रीला उचलण्याविषयी माझ्या मनात उद्भवलेले धर्मशास्त्रीय प्रश्न मी सुलभाकडे पाहून नजरेनेच विचारले. 'श्लोक नंतर म्हणा, आधी पाठ सरळ ठेवा,' असे उत्तर आले. मी पाय रोवले. नितंब मागे, पाठ दांडीसारखी. श्वास भरला. आणि रुपाली, ती बाई, जिचे वजन त्या फळ्यावर सर्वांत वर लिहिलेले आहे, ती ठोकळ्यावरून सुटली. हिसका नाही, सटकणे नाही, कूर्म नाही. शेडमधली पोरे आपापली वजने ठेवून उभी राहिली. मी चालू लागलो. सबंध शेड ओलांडली, वळलो, आणि परत निघालो. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी चकत्यांवर चकत्या आपटल्या. सुलभा एका लोखंडी बाकावर बसून पदराने डोळे पुसत होती आणि घाम आला आहे असे शेजारच्याला सांगत होती. माझ्या आयुष्यात मी इतका उंच कधीच नव्हतो.

परतीच्या वाटेवर लीला माझ्या कानापाशी हळूच बोलली. तिचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. 'माझ्या लग्नात तीन मामा होते, मास्तर. तिघांनी हात वर केले, मंडप हसला. मग मीच बोलले, मी चालत येते. सगळे म्हणाले, काय समजदार पोरगी आहे.' बस, इतकेच. मी तिला ठोकळ्यावर हळूहळू उतरवले, तिने शिकवले होते तसे. ती उठली, फळ्याकडे गेली आणि माझ्या नावापुढे, उचललेल्या वजनाच्या जागी, स्वतःचे वजन लिहिले.

म्हणून हे पत्र. रुपाली, तू चालत येण्याला माझा काडीमात्र विरोध नाही. पाय तुझे, मंडप तुझा, लग्न तुझे. तुला चालत यावेसे वाटत असेल तर अवश्य ये. मी तुझ्या शेजारून चालेन आणि कोणी बोललाच तर त्याला असे संस्कृत ऐकवीन की समजायला त्याला तीन पिढ्या लागतील. पण मामाच्या पाठीसाठी म्हणून चालत येऊ नकोस. ती पाठ आता सबब म्हणून उपलब्ध नाही, तिला दुसरे काम लागले आहे. त्या दिवशी कोठीत तू माझ्याजवळ का बसून राहिलीस हे मला तेव्हाही कळले होते, आणि या पाठीवर मी जी मेहनत घेतली ती कोटासाठी घेतलेली नाही. तुझे वजन मी कोणाला विचारले नाही, विचारणारही नाही. जे असेल ते पुरेपूर माझ्या भाचीचे आहे, त्यातले गुंजभरही मला कमी नको. लहानपणी तू मला न विचारता पाठीवर चढायचीस. मी मात्र आज विचारतो आहे, कारण ही गोष्ट मामाच्या मर्जीची नाही, नवरीच्या मर्जीची आहे. चौरंगावर निवांत बसायचे, एक हात माझ्या गळ्यात टाकायचा आणि मान ताठ ठेवून लोकांकडे बघायचे, एवढेच तुझे काम. बसशील ना?

तुझाच, पाठीने थोडा रुंद झालेला,
वामनमामा